बैलाचा खुराक आणि घोडीच्या बरगड्या : एका प्रकरणाची पूर्ण नोंद

घोडी काठेवाडी वळणाची, दातांवरून अकरा-बारा वर्षांची, उंची साडेचौदा हातांच्या आतबाहेर (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा). मालक आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातला बैलगाडामालक. दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून त्याने ती आणली होती. काम एकच, शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, गाड्याच्या पुढे पळायचे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी धरतात. स्वार तिला वाऱ्यासारखी काढतो आणि बैल तिच्या मागे सुटतात. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांची असते, पण हंगामात एकाच दिवशी अनेक बाऱ्या आणि दर दोन-चार दिवसांनी नवे गाव. वैशाखात यात्रा संपल्या तेव्हा घोडीच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. जूनच्या मध्यावर मालकाने बोलावले. त्याची तक्रार साधी होती : "डॉक्टर, बैलाला जे देतो ते सगळं तिलाबी देतो. दूध, अंडी, उडीद, मका. कशातच कमी करत न्हाय. तरी अंगाला लागंना."

घोडी का वाळली याचे निम्मे उत्तर त्या तक्रारीतच होते. पण ते लगेच बोलून उपयोग नसतो. अंगाला न लागण्याची कारणे अनेक असतात. खुराकाला हात घालण्याआधी बाकीची एकेक करून बाजूला सारावी लागतात.

आधी मोजणी

"लई वाळलीय" हे माप नव्हे. तिच्यावर दोन मापे घेतली. पहिले शरीरस्थितीचा गुणांक. टेक्सासमधल्या हेनेके आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ गुणांची पद्धत आजही जगभर वापरतात. मानेची वरची कड, खांद्याचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे बूड या सहा जागा हाताने दाबून बघायच्या. नुसत्या डोळ्यांवर विसंबायचे नाही, कारण पावसाळ्यात केस वाढले की डोळा फसतो. या घोडीच्या पाठीचे मणके वर आलेले, पुठ्ठ्याची हाडे टोकदार, बरगडीवर बोट फिरवले तर मध्ये मांसाचा थरच नाही. गुणांक २. कामाच्या घोडीला ५ योग्य, म्हणजे बरगडी दिसू नये पण हात फिरवला की लागावी. शर्यतीतल्या घोडीला ४ ते ५ सुद्धा चालते. मालकाच्या मनात मात्र बाजारात उभी करतात तशी गोल पुठ्ठ्याची घोडी होती. तसे करणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

दुसरे माप फितीचे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येते. तिचा घेर १५२, लांबी १४८. हिशेब २८८ किलोचा. कांदा मार्केटच्या वजनकाट्यावर टेम्पोसकट नेऊन, मग रिकाम्या टेम्पोचे वजन वजा करून ताडून पाहिले, आकडा जवळपास तोच आला. पण तसला काटा दहा किलोच्या टप्प्याने सरकतो, त्यामुळे दर पंधरा दिवसांची चढउतार त्यावर कळत नाही. पुढचे सगळे मोजमाप फितीनेच केले. दर वेळी सकाळी, चाऱ्याआधी, आणि एकाच माणसाने. दोन माणसे फीत दोन तऱ्हेने ओढतात आणि घेरातल्या एका सेंटिमीटरला या अंगाची घोडी जवळपास चार किलो पुढेमागे होते.

एक गुण चढायला या आकाराच्या घोडीला साधारण १४ किलो वजन लागेल असे धरले. म्हणजे २ वरून ५ वर न्यायला चाळीसेक किलो. लक्ष्य ३३० किलोच्या आसपास, मुदत पाच महिने. कार्तिकापर्यंत अंग भरले तर पौष-माघापासूनच्या यात्रांना ती तयार राहील.

दाढा, जंत, रक्त

गव्हाणीच्या खाली चघळलेल्या चाऱ्याचे ओले गोळे पडलेले होते. घोडी चारा तोंडात घेते, चावते आणि अर्धवट चघळून टाकून देते. हे दिसले की तोंड उघडून बघायलाच हवे. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि दाढा आयुष्यभर वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात. झिजताना वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड धारदार होते. तिच्या डाव्या गालाच्या आत जखम झालेली होती. झोपेचे इंजेक्शन देऊन दाढांवर कानस मारली. आठवड्याने गव्हाणीखालचे गोळे बंद झाले.

लिदीच्या तपासणीत एका ग्रॅममागे ९०० अंडी निघाली, बहुतेक आतड्यातल्या गोलकृमींची. आयव्हरमेक्टिनची तोंडातून द्यायची घोड्यांसाठीची पेस्ट, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम या प्रमाणात दिली. गायी-म्हशींचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन घोड्याला टोचण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तसे करू नये, टोचलेल्या जागी जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो. मॉक्सिडेक्टिन हे औषध चांगले आहे, पण ते चरबीत साठते आणि जिच्या अंगावर चरबीच उरलेली नाही अशा घोडीला ते बाधू शकते. म्हणून ते टाळले.

रक्त सर्रा आणि गोचिडतापासाठी तपासले. आपल्याकडे घोडे वाळत जाण्याच्या कारणांत सर्रा फार वरच्या जागेवर आहे. चावऱ्या माशीतून पसरणारा हा परजीवी मधूनमधून ताप आणतो, पायांवर आणि पोटाखाली सूज आणतो, आणि जनावर खात असूनही झिजत राहते. रक्ताच्या एका काचपट्टीवर तो सापडला नाही म्हणून नाहीच असे धरता येत नाही. म्हणून पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजायला सांगितले आणि काचपट्टी पुन्हा केली. दोन्ही वेळा काही निघाले नाही, ताप नाही, रक्त थोडे कमी भरले एवढेच. नाकातून पू, गाठी किंवा व्रण नव्हते, नाहीतर ग्लँडर्स या माणसालाही होऊ शकणाऱ्या संसर्गजन्य रोगाची चाचणी आधी आणि बाकी सगळे नंतर.

म्हणजे उरले ते गव्हाणीतले आणि टोपल्यातले.

काय चालू होते

टोपल्यातला खुराक आबा, म्हणजे मालकाचे वडील, स्वतःच्या हाताने करत. सकाळी किलोभर कणकेचे गोळे, त्यात भिजवलेले उडीद, चार अंडी आणि वरून दोन लिटर दूध. संध्याकाळी एकदाच तीन किलो मक्याचा भरडा आणि वर गव्हाचा कोंडा. गव्हाणीत हिवाळाभर उसाचे वाढे, कारखाने बंद झाल्यावर हायब्रीड नेपिअर गवत, आणि रात्री थोडी कडब्याची कुट्टी. विहिरीजवळ दोन गुंठे लसूणघास (ल्युसर्न) होता, पण तो दुभत्या म्हशीला जायचा. मिठाचा खडा फक्त बैलांच्या गोठ्यात.

प्रेमाने केलेला खुराक आहे हा, आणि खर्चही मोठा. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू बैलाच्या दृष्टीने ठीक आहे. घोडीच्या दृष्टीने क्रम उलटा आहे.

बैलाच्या पोटात गोबरगॅसची टाकी दारातच बसवलेली असते. जे खाल्ले ते आधी जंतूंच्या हवाली होते, मग आतड्यात जाते. घोड्याची टाकी शेवटी आहे, लहान आतडे संपल्यावर. चारा तिथे कुजतो आणि त्यातून ताकद मिळते, पण धान्य त्याआधी लहान आतड्यात पचून जायला हवे. तिथे न पचलेले पिठूळ अन्न पुढे गेले की मागचे जंतू ते आंबवतात, आंबटपणा वाढतो, चारा पचवणारे जंतू मरतात. लीद पातळ होते, पोटशूळ उठतो, आणि वाईटात वाईट म्हणजे खुरांच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह होऊन घोडी कायमची लंगडी होते. सुरक्षित मर्यादा एका वेळच्या खाण्यात घोड्याच्या वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅम स्टार्च, फार तर २. तीन किलो मक्यात स्टार्च जवळजवळ दोन किलो. २८८ किलोच्या घोडीला एका बैठकीत किलोमागे सात ग्रॅम. लीद पातळ होती, आंबट वास येत होता, आणि मालकाला ती मक्याची "गरमी" वाटत होती.

दुधाचेही तसेच. शिंगरू दूध पचवते, मोठ्या घोड्याच्या आतड्यात दुधातली साखर फोडणारे पाचक जवळपास संपलेले असते. अंड्याने फारसे बिघडत नाही, फारसे साधतही नाही.

वाढे आणि नेपिअर हा या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित भाग. दोन्हींत ऑक्झॅलेट असते. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून टाकते. बैलाच्या पोटातले जंतू ते बऱ्याच अंशी मोडतात, म्हणून वाढ्यांवर जगणाऱ्या गुरांना चुन्याची निवळी दिली की भागते. घोडीचे कॅल्शियम लहान आतड्यातच शोषले जायला हवे, आणि तिथपर्यंत ऑक्झॅलेट मोडणारे कोणी भेटत नाही. त्यावर गव्हाचा कोंडा, ज्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. अशा खाण्यावर महिनोन्महिने ठेवलेली घोडी हाडांतले कॅल्शियम काढून रक्तातली पातळी राखते. त्यामुळे रक्ताची तपासणी ठीक दिसते आणि हाडे पोकळ होत जातात. पुढे नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडे फुगतात, पाय बदलत लंगडणे सुरू होते. या घोडीचे तोंड फुगलेले नव्हते, पण चाल अखडलेली होती. घाटातल्या चढावर पूर्ण वेगाने पळणाऱ्या घोडीच्या हाडांवर अशी उधारी चढू देणे मला वजनापेक्षाही गंभीर वाटले.

मालकाने आणखी एक गोष्ट विचारली. दुधाच्या गाईंसाठी आणलेली गोळीपेंड घोडीला लावू का? अजिबात नाही. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध असते. गुरांना ते उपयोगी पडते, घोड्याला किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम इतकी मात्राही हृदयाचे स्नायू जाळून मारू शकते. पोत्यावर लिहिले आहे की नाही यावर घोडीचा जीव टाकू नये. पोते, घमेले, भरडायची चक्कीसुद्धा वेगळी ठेवलेली बरी.

बदल कसा केला

अगदीच हाडांचा सापळा झालेल्या, गुणांक १ च्या घोड्याला एकदम धान्य घातले की तीन ते पाच दिवसांत तो मरू शकतो. स्टार्चमुळे इन्सुलिन वाढते, रक्तातला फॉस्फरस पेशींत शिरतो आणि हृदय, श्वास कोलमडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात उपासमार झालेल्या घोड्यांवर जे काम झाले, त्यात लसूणघासाने सर्वांत चांगला निकाल दिला होता : स्टार्च कमी, प्रथिने चांगली, फॉस्फरस-मॅग्नेशियमही बऱ्यापैकी. आपली घोडी तितकी खालावलेली नव्हती. पण दिशा तीच धरली. आधी चारा, मग चंदी (घोड्याचा धान्याचा खुराक), शेवटी तेल.

पहिल्या दोन आठवड्यांत टोपले जवळजवळ रिकामे केले. दूध, अंडी, उडीद, कणीक बंद. मका एकदम न तोडता पहिल्याच दिवशी निम्मा केला, उरलेला चार वेळांत वाटला आणि दहा दिवसांत शून्यावर आणला. आबांना हे पटेना. वाळलेल्या जनावराचा खुराक काढायचा, हे त्यांच्या सबंध आयुष्याच्या अनुभवाविरुद्ध होते. त्यांना म्हटले, आबा, पंधरा दिवस द्या, लीद बघा, मग बोलू. लीद आठव्या-नवव्या दिवशी बांधून पडू लागली. पुढचे वाद तिने कमी केले.

गव्हाणीत डोंगरउताराचे सुके गवत चोवीस तास. घोडा मोकळा असला की दिवसातले चौदा-सोळा तास चरतो. जठर लहान, मोठ्या घोड्याचेही ८ ते १५ लिटर, आणि त्यात आम्ल सतत झरत असते, खाणे असो वा नसो. लाळ मात्र चघळतानाच सुटते. रिकामी गव्हाण म्हणजे आम्लात भिजणारे जठर. किलोभर सुके गवत चघळायला तिला पाऊण तास लागतो, तेवढाच भरडा दहा मिनिटांत संपतो.

नेपिअर म्हशीकडे आणि लसूणघास घोडीकडे, अशी अदलाबदल केली. घरात यावर थोडी धुसफूस झाली, कारण दुधाचा फॅट म्हशीच्या चाऱ्यावर असतो आणि तो हिशेब घरातल्या बाईच्या हातात होता. तिने म्हशीला थोडी सरकी पेंड वाढवून घेतली आणि विषय मिटला. दोन गुंठ्यांतून रोज चार-पाच किलो लसूणघास निघे, उरलेला शेजारून विकत. तीन किलोपासून सुरुवात करून तीन आठवड्यांत आठ किलोवर नेला. कापून तासभर पसरून, थोडा सुकवून, गवतात मिसळून द्यायचा, ओलाकच्च ढीग पुढे टाकायचा नाही. पावसाने बांध हिरवे झाल्यावर आठेक किलो बांधावरचे गवत, हरळी आणि मारवेल. तणनाशक मारलेला बांध सोडून, आणि गाजरगवत, घाणेरी निवडून.

तिसऱ्या आठवड्यापासून चंदी. जव भरडलेला १.२ किलो आणि रात्री भिजवलेला हरभरा ४५० ग्रॅम, तीन वेळांत वाटून. म्हणजे एका वेळी ४०० ग्रॅम जव आणि १५० ग्रॅम हरभरा, स्टार्च किलोमागे ग्रॅमभराच्या आतच. हरभरा ही मराठी मुलखातली घोड्याची जुनी चंदी आहे, आणि प्रथिनांच्या दृष्टीने उत्तम आहे. दुपारची वेळ शेतातल्या कामांत चुकायची म्हणून ती आबांकडे दिली. तोबरा बांधायचे त्यांचे काम सुटले नाही, आणि ते सुटू नये असे मलाही वाटत होते, कारण घोडी त्यांचाच हात ओळखते.

तेल सर्वांत शेवटी. घोड्याला पित्ताशय नसते, तरी तेल तो चांगले पचवतो, फक्त सवय लावावी लागते. सोयाबीनचे तेल २५ मिलिलिटरपासून चंदीत मिसळायला लागलो आणि तीन आठवड्यांत २०० पर्यंत गेलो, दोन वेळांत वाटून. एवढ्या तेलातून रोज दीडेक मेगाकॅलरी मिळते, म्हणजे जवळजवळ अर्ध्या किलो जवाइतकी, आणि त्यात स्टार्च काहीच नाही. तेल वाढवले की ई जीवनसत्त्व वाढवावे लागते, ते पावडरीतून दिले. शिवाय ३० ग्रॅम मीठ, आणि घोड्यासाठीचे खनिजमिश्रण. गव्हाचा कोंडा बंद. लसूणघासातले कॅल्शियम आणि कोंडा गेल्यामुळे खाली आलेला फॉस्फरस, यांनी दोघांचे प्रमाण दीडास एकच्या वर गेले. पाण्याची टाकी शेवाळलेली होती, ती घासली.

एकूण कोरड्या वजनात बघितले तर घोडी रोज साडेसात किलोच्या आसपास खात होती, अंगाच्या अडीच टक्के. त्यातला जवळजवळ सहा किलो भाग चारा. ताकदीचा हिशेब असा : नुसते अंग राखायला तिला दहा मेगाकॅलरी पुरतात, आणि वजनाचा प्रत्येक किलो चढायला त्यावर वीसेक लागतात. रोज तीन-चारशे ग्रॅम वाढ हवी तर सतरा-अठरा मेगाकॅलरी पोटात गेल्या पाहिजेत. हे मक्याच्या टोपल्याने कधीच साधले नसते, कारण मक्याने चाऱ्याची ताकदच वाया घालवली होती.

मध्येच थांबलेले वजन

जुलैच्या मध्यावर घेर १५३.५, वजन २९४. त्यातले काही किलो पोटात मावलेल्या चाऱ्याचे, हे मालकाला आधीच सांगून ठेवले होते. ऑगस्टच्या मध्यावर घेर १५४, वजन २९५. महिन्यात एक किलो. मालकाचा चेहरा पडला आणि मक्याची गोष्ट पुन्हा निघाली.

दोष गवताच्या गंजीत होता. आषाढातल्या झडीत गंजीवरचा प्लास्टिकचा कागद फाटला होता. आत हात घातला तर मधले गवत गरम लागत होते, आणि झटकले की पांढरी धूळ उडत होती. घोडी ते निवडून बाजूला टाकत होती आणि खात होती त्याने खोकत होती. गव्हाण दिसायला भरलेली, पोट मात्र निम्मेच. गाय-म्हैस बुरशीचा चारा काही प्रमाणात रेटून नेतात. घोड्याला तो फुप्फुसांतही बाधतो आणि आतड्यांतही. बुरशी लागलेला मका तर घोड्याच्या मेंदूवर जातो, आणि त्यातून फार थोडे घोडे वाचतात.

ती गंजी खतात गेली. नवे गवत विकत घेऊन पोटमाळ्यावर, फळ्या टाकून जमिनीपासून वर ठेवले. महिन्याला खर्च वाढला, पण दूध-अंड्यांवरचा वाचलेला पैसा त्याहून जास्त होता, हे मालकाने स्वतःच बोटांवर मोजून सांगितले. खोकला जाईपर्यंत गवत पाण्यात बुडवून द्यायला सांगितले. चंदीला हात लावला नाही. मध्ये वजन थांबले की टोपल्यात आणखी काहीतरी घालावे अशी हाताला खाज सुटते, पण आधी गव्हाणीत खरोखर काय आहे ते बघायचे.

सप्टेंबरच्या मध्यावर घेर १५७, वजन ३०७. ऑक्टोबरला १६० आणि ३१९. नोव्हेंबरला घेर १६२, लांबीचे माप पुठ्ठे भरल्याने १४९, वजन ३२९. गुणांक ५. चालीतला अखडलेपणा सप्टेंबरनंतर दिसला नाही. लिदीतली अंडी दुसऱ्या तपासणीत ५० च्या खाली होती, म्हणून लगेच दुसरे औषध दिले नाही.

या पाच महिन्यांत घोडी बांधून ठेवली नव्हती. पहिला महिना रोज हाताने धरून चालवणे, मग लगाम लावून संथ दुडकी. नुसते खाऊ घालून चढवलेले वजन पोटावर आणि मानेवर बसते. पाठ आणि पुठ्ठे भरायला प्रथिने आणि कष्ट दोन्ही लागतात.

वजन राखणे

वाढवण्यापेक्षा हे अवघड, कारण आता घाई कोणालाच नसते आणि हंगामही सुरू होतो. नोव्हेंबरपासून तेल १०० मिलिलिटरवर आणले आणि जव किलोवर. जानेवारीत यात्रा सुरू झाल्या आणि फेब्रुवारीच्या अखेरीस घेर १६० वर घसरला. खुराक तोच होता, बदलले होते दिवसाचे वेळापत्रक. घोडी पहाटे टेम्पोत चढे, घाटावर दिवसभर उन्हात बांधलेली, बारी आली की पळे, आणि रात्री घरी आल्यावर मोठे टोपले. बारा-चौदा तास रिकामे जठर, त्यातच पळणे. पळताना पोट आवळले जाते आणि आम्ल जठराच्या वरच्या नाजूक भागावर उसळते. तिथे व्रण होतात. घोडी दुसऱ्या दिवशी चंदी हुंगून सोडत होती, चारा मात्र खात होती, हे त्याचेच लक्षण धरले.

उपाय स्वस्त निघाला. टेम्पोत आणि घाटावर गवताची जाळी टांगायची. बारीच्या आधी अर्धा तास मूठ-दोन मुठी लसूणघास. त्यातले कॅल्शियम आणि चघळण्याने सुटणारी लाळ आम्ल दाबतात. पाणी घरचे ड्रम भरून, कारण परक्या टाकीचे पाणी ती पीत नव्हती. बारी झाल्यावर फिरवून अंग थंड झाल्याशिवाय चंदी नाही. शर्यतीच्या दिवशी संध्याकाळची चंदी निम्मीच. मीठ घामाच्या दिवशी दुप्पट. जठराचे औषध महिनाभर चालवले. एप्रिलमध्ये घेर पुन्हा १६२.

शर्यती २०१४ ते २०२१ बंद होत्या. बैल त्या काळातही गोठ्यात राहिले, घोड्या मात्र बऱ्याच घरांतून गेल्या. आता ज्यांनी नव्याने घोडी आणली, त्यांच्याकडे बैलाचे शहाणपण भरपूर आणि घोडीचे थोडे, असे मला या भागात फिरताना दिसते. या घरात दोन्ही होते. आबांच्या वडिलांकडे टांगा होता, आणि हरभऱ्याची चंदी कशी भिजवायची हे त्यांना मी सांगावे लागले नाही.

सध्याची व्यवस्था अशी ठरली आहे. फीत दर पंधरा दिवसांनी मालकाचा मुलगाच घेतो आणि आकडा गोठ्याच्या दारामागे खडूने लिहितो. घेर १५८ च्या खाली गेला तर दोन आठवडे शर्यत बंद, आणि दाढा, लीद, गवत या क्रमाने तपासणी. १६५ च्या वर गेला तर आधी तेल, मग जव कमी करायचा. चाऱ्याला हात लावायचा नाही. पावसाळ्यात बांधाचे गवत मुबलक असते तेव्हा घोडी रिकामी असेल तर जव पूर्ण बंद करून फक्त हरभरा आणि खनिजमिश्रण. दाढा जूनमध्ये पुन्हा बघायच्या आहेत, लिदीची तपासणी त्याच वेळी. लसूणघास दोन गुंठ्यांवरून चार गुंठे केला आहे, त्यातला अर्धा म्हशीचा.